स्लॅश पाइन, पाणथळ आणि आग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्लॅश पाइन या अमेरिकेतल्या सूचिपर्णी झाडावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचे आक्षेप दोन: पाणथळ जागेतलं झाड आगीच्या भरवशावर जगतं ही अतिशयोक्ती आहे, आणि असं लिहिल्याने सह्याद्रीत वणवे लावणाऱ्यांचं फावतं.

दक्षिण फ्लोरिडात पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. तेव्हा पाइनच्या सखल रानात पाणी साचतं. मग कोरडे महिने येतात, पाणी उतरतं, गवत आणि खुजे पाम कडकडीत वाळतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पहिल्या वादळांसोबत विजा पडतात. कोकणातला सडा आषाढात कसा असतो आणि वैशाखात कसा, ते आठवा, म्हणजे पाणथळ जागा पेटते कशी हे लक्षात येईल.

स्लॅश पाइनचा दक्षिण फ्लोरिडातला वाण या चक्रात मुरलेला आहे. उत्तरेकडच्या स्लॅश पाइनचं रोप लगेच उंच होऊ लागतं. याचं रोप पहिली काही वर्षं जमिनीलगतच राहतं. लांबून पाहणाऱ्याला तो गवताचा झुबकाच वाटेल. आत लांब, दाट सुयांच्या मधोमध शेंड्याचा कोंब झाकलेला असतो, खाली जाड खोड आणि भक्कम सोटमूळ. आग वरून गेली की सुया करपतात, कोंब वाचतो आणि पुन्हा हिरव्या सुया फुटतात. पुढे झाड झपाट्याने उंच होतं, साल जाड होते. आग बराच काळ आलीच नाही, तर रुंद पानांची झाडंझुडपं दाटतात आणि पाइनच्या रोपांना ऊन मिळेनासं होतं. म्हणूनच दक्षिण फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात १९५८ पासून ठरवून, नियंत्रित आग लावतात.

वणव्यांबद्दलचा तुमचा संताप रास्तच आहे, माझाही तोच आहे. पण म्हणून फ्लोरिडातलं खरं लिहायचंच नाही, हे मला मान्य नाही. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाने लावलेले असतात, गवत चांगलं येतं या समजुतीने, आणि पुष्कळदा तोच डोंगर वर्षाआड नव्हे, दरवर्षी जळतो. हिरड्या-जांभळाच्या कोवळ्या रोपाला या पाइनसारखं सुयांचं कवच नाही. शिवाय फ्लोरिडातही दरवर्षी जाळून चालत नाही, कारण नुकतं रुजलेलं पाइनचं रोपही आगीत मरतं. मध्ये काही वर्षांची उसंत लागते, आणि वारा, हवेतला ओलावा पाहून, आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढूनच काडी लावली जाते. वणव्याच्या समर्थनासाठी कुणी माझा लेख पुढे केलाच, तर त्याला एवढंच विचारा: तुमच्या डोंगरावर रोपांना ती उसंत कधी मिळाली?