डे-वाल्यांना वॉशरूम नाही म्हणे!

रविवारी आईला बाथरूमला जायचं होतं. एवढीच गोष्ट. मावळातल्या एका गडाचा पायथा, वरून पाऊस कोसळतोय, आई सत्तरीची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. समोर चांगलं दोन मजली रिसॉर्ट. काउंटरवरचा माणूस मोबाईलमधून मान वर न काढता विचारतो, "रूम आहे का तुमची? डे-वाल्यांना वॉशरूम नाही." डे-वाले म्हणजे सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे. म्हटलं दादा, चहा-नाश्ता घेतो, पैसे देतो. तर म्हणे, "पाचशेची ऑर्डर द्या, मग बघू." बघू? माझी आई भिंतीला धरून उभी आहे आणि हा बघू म्हणतोय! दिले पाचशे. आत गेलो तर दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, बादलीच्या तळाशी गढूळ पाणी. बायको बाहेरून दार धरून उभी राहिली. आई परतीच्या वाटेवर अवाक्षर बोलली नाही.

आपल्या घरातल्या बायका पिकनिकच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, विचारून बघा. पाणी न पिता दिवसभर गड चढतात. एवढे नाके, एवढ्या पावत्या, एवढे पैसे, आणि एक धड मुतारी बांधता येत नाही?

पावतीचं तर बोलूच नका. पार्किंगचे शंभर घेतले. कसलं पार्किंग? रस्त्याकडेचा चिखल. शिट्टी वाजवत एक पोरगा आला आणि पावती फाडली. त्यावर नंबर नाही, कुणाचं नाव नाही, शिक्का पुसट. छापलेल्या ५० वर पेनाने काट मारून १०० केलेले. विचारलं तर "संडे रेट आहे". थोडं पुढे त्याच रस्त्यावर दुसरा शिट्टीवाला, त्याच्या पावतीचा रंग वेगळा. पाण्याच्या बाटलीवर छापील किंमत २०, टपरीवर ३० मागतात, वर कूलिंगचे म्हणून सांगतात. बाटली कोमट होती!

टोल तर आहेच. एक्स्प्रेसवेला मुंबई ते पुणे कारला २०२३ च्या एप्रिलपासून ३२० रुपये, येऊन-जाऊन ६४०. एवढे भरून खंडाळ्याच्या घाटात रांगेत बसायचं. मुंबईच्या वेशीवरचे पाच टोल २०२४ च्या ऑक्टोबरात लहान गाड्यांना माफ झाले, तेवढीच काय ती सुटका.

आणि जीव? ३० जून २०२४, रविवार, लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५, पुन्हा रविवारच, मावळातल्याच कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. पूल धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं. गर्दी रविवारीच येते हेही माहीत आहे, म्हणून तर पावती फाडणारा रविवारी सकाळपासून हजर असतो. मग पुलाच्या तोंडाशी, धबधब्याच्या वाटेवर माणूस का उभा करत नाही? दुर्घटना झाली की दुसऱ्या दिवशी बंदीचा आदेश. बंदी घालायला कुणालाच काही खर्च येत नाही.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, मावळातला लोहगड त्यात आहे. मला मनापासून आनंद झाला. म्हणूनच चीड येते. आता गर्दी आणखी वाढणार, आणि पायथ्याला तोच चिखल, तेच दोन रंगांचे पावतीबुक.

सगळ्यात डोक्यात जातं ते हॉटेलवाल्यांचं रडगाणं. "हे सकाळी येणारे, संध्याकाळी जाणारे, हे काय खर्च करतात? नुसता कचरा." कचरा करणाऱ्यांची, दारूच्या बाटल्या फोडणाऱ्यांची आणि गाडीच्या टपावर स्पीकर लावून नाचणाऱ्यांची मलाही शिसारी आहे, त्यांना जरूर दंड लावा. पण बाकीच्यांचा काय गुन्हा? आम्हाला दोन रात्रींची रूम परवडत नाही आणि सोमवारची रजा मिळत नाही. पैसे खर्च करायला आम्ही तयारच असतो, ते तुम्ही पार्किंग आणि बाथरूमच्या नावाखाली आधीच काढून घेता. त्याच रस्त्यावर एक मावशी ताडपत्रीखाली चूल मांडून पिठलं-भाकरी देत होत्या. खडूने भाव लिहिलेली पाटी टांगलेली. त्यांच्याकडे आम्ही पोटभर जेवलो, वर घरी न्यायला त्यांची लसणाची चटणीही घेतली. हॉटेलवाल्यांनी आणि पार्किंगवाल्यांनी आधी तशी पाटी लावावी, मग आमच्या खर्चाचा हिशोब काढावा.