ख्रिस्तप्रसाद आणि सूर्यपूजेचा आरोप

मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. तिच्यातल्या ख्रिस्तप्रसादाविषयीचा, म्हणजे येशूचं शरीर आणि रक्त मानून घेतल्या जाणाऱ्या भाकर-द्राक्षारसाविषयीचा, एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्यात म्हटलंय: गोल भाकर म्हणजे सूर्याची तबकडी, तिच्यावरची आयएचएस ही अक्षरं म्हणजे इसिस, होरस, सेब हे इजिप्तचे देव, ती ज्या किरणांच्या पात्रात ठेवतात तो तर सूर्यच. म्हणजे कॅथलिक लोक नकळत सूर्यपूजा करतात. हा युक्तिवाद १९व्या शतकातले स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर हिस्लॉप यांच्या लिखाणात सापडतो. पण तो टिकत नाही.

आधी अक्षरं पाहू. येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं आयोटा, ईटा आणि सिग्मा. ईटा दिसतं इंग्रजी एचसारखं, पण तो 'ई' हा स्वर आहे. लॅटिन लिहिणाऱ्यांनी आकार तसाच ठेवला आणि आयएचएस रूढ झालं. होरसचं नाव ग्रीकमध्ये ओमेगाने सुरू होतं. तिथे हे अक्षर येतच नाही. आणि सेब? तो देव खरा गेब. इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं सुटलं १८२२ साली. त्यानंतरच्या अभ्यासकांनी नाव चुकीचं वाचलं म्हणून त्या काळच्या पुस्तकांत 'सेब' आला. ख्रिस्ती लोक तर ही तीन अक्षरं त्याच्या कित्येक शतकं आधीपासून लिहीत होते.

ती लोकांच्या दारांवर नेली सिएनाचे संत बर्नार्दिनो (मृत्यू १४४४) यांनी. गटबाजीने पोखरलेल्या इटालियन शहरांत ते सांगत: आपापल्या गटाची चिन्हं उतरवा, येशूचं नाव लावा. तेव्हाही मूर्तिपूजेचा आरोप झाला. प्रकरण पोप पाचवे मार्टिन यांच्यापुढे गेलं आणि बर्नार्दिनो निर्दोष ठरले. पुढे येशूसंघानेही (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाने) हीच मुद्रा घेतली. जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भिंतीवर ती आजही दिसते.

आता गोल आकार. चर्चच्या कायद्याप्रमाणे भाकर निव्वळ गव्हाची, ताजी आणि लॅटिन परंपरेत बेखमीर (न आंबवलेली) हवी. तो आकाराबद्दल काहीच सांगत नाही. रोमन काळात भाकरी गोल असतच. पॉम्पेईच्या राखेत तशा सापडल्या आहेत. आमच्या दृष्टीने अर्थ आहे तो भाकर मोडण्यात. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात या विधीचा उल्लेखच 'भाकर मोडणे' असा येतो. 'दिदाखे' या आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथातली प्रार्थना तर मला फार जवळची वाटते: डोंगरांवर विखुरलेलं एकत्र येऊन जशी एक भाकर झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून एकत्र येवो.

किरणांबद्दल मात्र निम्मं खरं आहे. ते सूर्याचेच आहेत. बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याने सांगितलेला नीतिमत्त्वाचा सूर्य ख्रिस्ती लोकांनी येशूतच पाहिला. पण ख्रिस्तप्रसादाच्या सन्मानाचा ख्रिस्तशरीराचा सण १२६४ साली सर्वत्र लागू झाला आणि सुरुवातीची बरीच मॉन्स्ट्रन्स, म्हणजे ती भाकर दर्शनासाठी ठेवायची पात्रं, चर्चच्या मनोऱ्यासारखी घडवलेली होती. किरणांची घडण सर्रास झाली ती त्यानंतर काही शतकांनी, कलेच्या बरोक काळात (१७व्या शतकाच्या आसपास). इजिप्तचा वारसा असता तर किरण आधी आले असते.

आणि मिस्सेतल्या प्याल्याबद्दल हा मजकूर एक शब्द काढत नाही, कारण द्राक्षारस सूर्याच्या गोष्टीत बसत नाही. आरंभीचे ख्रिस्ती लेखक संत जस्टिन यांनी इ.स. १५५च्या सुमारास रोमहून सम्राटाला उद्देशून लिहिलं, त्यात भाकर आहे, द्राक्षारस आहे, पाणी आहे. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा डीकन (चर्चचे सेवक) त्यांच्याकडे पोचवतात, असंही ते लिहितात. आमच्या धर्मग्रामात (एका चर्चच्या परिसरात) आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेतात, ती हीच चाल.