तारीख बघा की हो!

"दादा, दोनशे बार भरलाय ना?" "फुल्ल आहे!" मालवणात स्कूबा डायव्हिंगला गेलं की दर वेळी हेच. घाईघाईत हवा भरून तापलेला सिलिंडर बोटीत गार होतो आणि दाबाचा काटा एकशे सत्तर बारवर! आणि दाबाच्या टेस्टची तारीख? ती सिलिंडरच्या खांद्यावर, वरच्या गोलाईवर, ठोकलेली असते, पण वर पिवळ्या रंगाचे तीन हात! नखानं खरवडून वाचायची का? गाडीच्या टायरच्या जवळजवळ शंभरपट दाब आहे त्यात, कळतंय का? पाणी भरून दाबाखाली तपासून आणा म्हटलं की, "आजवर काही झालं नाही." अरे, फुटल्यावर तपासणार? त्यात सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी जनरेटरच्या धुराशेजारी! तो धूर दहा मीटर खाली कुणाच्या छातीत जाणार आहे?