खुलासा: राउटरच्या खाचेने आवाज सुधारत नाही

'स्पीकरच्या बॉक्सचे सांधे राउटरने खाच पाडूनच जोडा, नाहीतर आवाज बिघडतो आणि बॉक्स उकलतो,' हे वाक्य माझ्याच जुन्या पोस्टमधलं. (राउटर म्हणजे लाकडात खाच पाडायचं विजेचं यंत्र.) ते फिरतंय आणि ते चूक आहे.

नंतर मी १८ मिमी एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या फळीचे) तुकडे काही खाचेत, काही नुसते काटकोनात गोंदाने जोडून मोडून पाहिले. दोन्हीकडे गोंदाची रेघ टिकली, शेजारचा एमडीएफच पापुद्र्यासारखा फाटला. आवाज ठरतो आतल्या घनफळावर, फळ्यांच्या ताठपणावर आणि बॉक्स हवाबंद असण्यावर. बंद बॉक्समध्ये वूफरचा (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचा) हलणारा पडदा अलगद दाबून सोडा. तो झटकन परतला तर कुठेतरी हवा गळतेय.

खाचेचा खरा फायदा म्हणजे जोडताना फळी सरकत नाही. पण मापं बदलतात, हे मी तेव्हा लिहिलंच नव्हतं. दोन्ही बाजूंना ६ मिमी खोल खाच असेल तर २०० मिमी आतल्या रुंदीसाठी फळी २१२ मिमी हवी. २०० चीच कापली तर घनफळ ६ टक्के घटतं.

राउटर नाही म्हणून काहींनी काम थांबवलंय, याचं वाईट वाटतं. जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल तिथे हा खुलासा द्या.