मास्क घ्या, पण प्रश्न विचारू नका

एक कागद माझ्या डोक्यातून जात नाही. ३ जानेवारी २०२०. वुहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांना पोलिसांनी बोलावून घेतलं, कारण त्यांनी वर्गमित्रांच्या ग्रुपवर नव्या आजाराबद्दल, म्हणजे कोरोनाबद्दल, सावध केलं होतं. कागदावर दोन प्रश्न होते. हे थांबवाल का? समजलं का? त्याखाली त्यांनी हाताने लिहिलं : थांबवीन, समजलं. वर अंगठा. ७ फेब्रुवारीला त्याच आजाराने ते गेले.

पुढची तीन वर्षं चीन जगाशी जसं वागला, ते मला याच कागदासारखं वाटतं.

मदत केली, हे मान्यच. २१ मार्चला चिनी डॉक्टर आणि सामान बेलग्रेडला उतरलं, तेव्हा सर्बियाच्या अध्यक्षांनी विमानतळावर चीनच्या झेंड्याचं चुंबन घेतलं. युरोपने पाठ फिरवली असं वाटत असताना जो धावून येतो त्याचे आभार मानावेतच.

पण एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाने एवढंच म्हटलं, की साथ कुठून आली याची स्वतंत्र चौकशी करा. मग १८ मे उजाडला. त्या दिवशी शी जिनपिंग जागतिक आरोग्य सभेत म्हणाले, आमची लस साऱ्या जगाची असेल, आणि २ अब्ज डॉलर जाहीर केले. त्याच दिवशी चीनने ऑस्ट्रेलियन बार्लीवर ८० टक्क्यांहून जास्त शुल्क लावलं. कारण दिलं डंपिंगचं, म्हणजे माल फार स्वस्तात आणून ओतल्याचं. पण नोव्हेंबरमध्ये चिनी दूतावासाने तिथल्या पत्रकारांना १४ तक्रारींची यादी दिली, त्यात ऑस्ट्रेलियाने चौकशी मागितल्याची तक्रार होतीच. बार्लीवरचं शुल्क उठायला ऑगस्ट २०२३ उजाडला. पेरणारा शेतकरी, त्याने कोणाचं काय वाकडं केलं होतं?

आमच्या घरातही याची झळ बसली. माझी भाची चीनमध्ये एमबीबीएसला होती. जानेवारी २०२० मध्ये सुट्टीला सांगलीला आली आणि अडकली. पहाटे साडेपाचला, म्हणजे तिकडच्या आठला, स्वयंपाकघरात डब्याला मोबाईल टेकवून लेक्चर ऐकायची. मागे कुकरच्या शिट्ट्या. शरीररचना शिकतेय आणि हाताला मृतदेह नाही! कॉलेजला मेल केला की उत्तर ठरलेलं : पुढील सूचनेची वाट पाहा. आपल्या मुलांना विद्यार्थी व्हिसा पुन्हा मिळू लागले ते ऑगस्ट २०२२ मध्ये. साथीत दारं बंद करणं मी समजू शकते. पण हजारो पोरांच्या आईबापांना साधी तारीखही न सांगणं, हे मला आजही समजत नाही.

जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने अहवाल दिला. सुरुवातीच्या शेकडो रुग्णांमधल्या विषाणूची जनुकीय माहिती मागितली होती, चीनने ती दिलेली नाही. आपल्या प्रत्येकाच्या ओळखीतलं कोणी ना कोणी त्या साथीत गेलंय. ती माहिती मागणं म्हणजे चीनशी वैर नाही. ती मागत राहायला हवी, आपल्या सरकारनेसुद्धा, उद्या कुठल्याही मालावर शुल्क लागलं तरी.