हरता डाव ड्रॉ केला त काय पाप केलं?

राजेहो, एक गोष्ट क्लिअर सांगतो, बुद्धिबळात हरत असलेला डाव स्टेलमेट करून, म्हणजे राजाले शह नाही पण खेळायला एकही चाल उरली नाही अशी कोंडी करून घेऊन, वाचवणारा पोट्टा चीटिंग करत नाही. आमच्या इकडे कापसाची वेचणी आटपली की पानठेल्याच्या बाकड्यावर बुद्धिबळ बसते आणि याच्यावरून झगडे होतात. परवा नववीतल्या एका पोराकडे फक्त राजा आणि एक अडकलेलं प्यादं उरलं होतं, समोर काकाजींचा हत्ती, वजीर सगळं जागेवर. मात द्यायची सोडून काकाजी प्यादे वजीर करत बसले, दुसरा केला, तिसरा केला, मजा घेत घेत, अन पोराच्या राजाले घरच उरलं नाही. शह नाही, चाल नाही, ड्रॉ. काकाजी भडकले, "हारला होता त हात मिळवाचा ना बे, मोठ्या माणसासोबत असं करते का?"

आता मला सांगा, मात कोणी द्यायची होती?

काकाजींचा राग समजतो मला. ते देशी नियमावर खेळलेले, प्यादं पहिल्या चालीतही एकच घर, राजाले एकदा घोड्याची चाल, आणि अशी कोंडी झाली तर आमच्या गावात चाल परत घ्यायला लावायचे. नियम तसाही सगळीकडे एकसारखा नव्हताच, इंग्लंडमध्ये एके काळी कोंडी करणाराच हरायचा, तिथं ड्रॉ पक्का झाला तो १९व्या शतकात. पण आज ड्रॉ आहे म्हणजे आहे. १९६३ च्या अमेरिकन चॅम्पियनशिपमध्ये लॅरी इव्हान्सनं रेशेव्हस्कीसारख्या ग्रँडमास्टरसमोर हरलेल्या डावात वजीर फुकट दिला आणि मग हत्तीनं शह देत सुटला, हत्ती मारला त स्टेलमेट, नाही मारला त शह संपतच नाही. लोक आजही तो डाव चवीनं पाहतात.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखसमोर, २०२५ चा वुमन्स वर्ल्ड कप जिंकलेल्या पोरीसमोर, हत्ती कमी असताना कोणी डाव सोडला तर ठीक आहे बाप्पा, ती जिंकणारच हे दोघांनाही माहीत असते. आमच्या बाकड्यावर एकट्या राजाले वजिरानं मात देताना अर्ध्या लोकाईले घाम फुटते, तिथं पोरानं काहून सोडावं?

खरी बदमाशी वेगळी आहे. हरायला लागलं की दर दुसऱ्या चालीला "ड्रॉ घे ना, ड्रॉ घे ना" करणारे, मोबाइलवर घड्याळ संपेपर्यंत चालच न खेळणारे आणि नंतर "नेट गेलं होतं" म्हणणारे, यांच्यासोबत मी तर बसतच नाही. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमातही उगाच ड्रॉ मागत समोरच्याले त्रास देण्याले मनाई आहे. रीत साधी आहे, चाल खेळा, ड्रॉ विचारा, घड्याळ दाबा, नाही म्हटलं की विषय संपला.

काकाजी, राजा कोपऱ्यात असला आणि त्याच्याकडे दुसरं काही हलवायले नसलं, त त्याच्यापासून घोड्याच्या चालीवरच्या घरात वजीर ठेवू नका, तिथंच कोंडी होते. अन पोट्टेहो, ड्रॉ झाल्यावर बाकड्यावर चढून नाचता ना तुम्ही, ते बंद करा, काकाजींच्या जागी मी असतो त मलेही राग आला असता.