'पिक्सेलप्रेमी' यांच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

पिक्सेलप्रेमी साहेब, किंवा मॅडम, नावावरून कळत नाही, नमस्कार.

मॉकअपमधले, म्हणजे डिझायनरनं काढलेल्या ॲपच्या स्क्रीनच्या चित्रातले, फाँट साइझ एसपीमध्ये कसे आणायचे त्यावर मी लिहिलं, त्याखाली तुमची कमेंट आली. (एसपी हे अँड्रॉइडमधलं अक्षरांच्या आकाराचं माप, डीपी हे बाकी सगळ्याचं.) बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की 1080 पिक्सेल रुंदीच्या मॉकअपमधला आकडा तीनने भागून एसपी काढायचा माझा हिशोब जुनाट आहे, हल्ली फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 360 रुंदीची फ्रेम घेतात त्यामुळे भागायला लागतच नाही, 1080 रुंदीचे सगळे फोन तीनपट डेन्सिटीचे, म्हणजे एका डीपीला तीन पिक्सेल असे, नसतात, आयफोनचा तर पत्ताच नाही. आणि शेवटी हे, जसंच्या तसं: "टेक्स्टला एसपी लावलं की लेआउट फुटतो, प्रोफेशनल लोक डीपीच लावतात, सांगलीच्या क्लायंटला काय कळतंय म्हणा." पुढं दोन हसणारी तोंडं.

ती तोंडं कशासाठी होती ते सांगा आधी. चूक दाखवा, मी ऐकून घेतो, पण "काय कळतंय म्हणा" हा काय मुद्दा झाला? सांगलीच्या क्लायंटला काय कळतं ते मीच सांगतो आता.

मार्केट यार्डात एक हळदीचे अडते आहेत, त्यांच्या पेढीसाठी पट्टी दाखवणारं ॲप होतं, म्हणजे पोती, वजन, दर, हमाली, तोलाई आणि खाली हातात पडणारी रक्कम. ते मी केलेलं नव्हतं, माझ्याकडं नंतर आलं. आधीच्या डेव्हलपरनं सगळं टेक्स्ट डीपीत बांधलेलं, तुमच्या भाषेत प्रोफेशनल. आता अडत्यांचं वय सत्तरीच्या पुढं, त्यांनी फोनमध्ये फाँट सगळ्यात मोठा करून ठेवलेला, त्यामुळे मेसेज मोठे दिसायचे, नातवंडांची नावं मोठी दिसायची, आणि ज्याच्यावर पैशाचा व्यवहार ते आमचं ॲप तेवढं मुंगीएवढं. रक्कम दिवाणजीकडून वाचून घ्यायचे. मला म्हणाले, "अरे, फोनला मोठं लिही म्हणून सांगितलंय, तुझं ॲप फोनचं ऐकत नाही होय?" डीपी आणि एसपीमधला फरक याच्यापेक्षा नीट मला कुणी सांगितलेला नाही. एसपी म्हणजे डीपी गुणिले फोनमालकानं सेटिंगमध्ये ठेवलेला फाँट स्केल. सेटिंग नेहमीचं असेल तर दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तुमच्या टेबलावरच्या फोनवर तुम्हाला काही कळत नाही. आणि टेक्स्टला डीपी लावलं तर अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं लिंट, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणारं साधन, तेसुद्धा वॉर्निंग देतं, ते काय सांगलीत बनवलंय का?

राहता राहिला लेआउट फुटण्याचा विषय. फुटतो, बरोबर आहे. पण का फुटतो ते बघायला नको का? बटणाला 40 डीपी उंची ठोकून बसवायची, लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची, पण डीपीत द्यायची आणि आत टेक्स्ट वाढलं की एसपीला शिव्या द्यायच्या. डबा लहान घेतला तर दोष कुणाचा! उंचीला किमान आकडा द्या, बाकी टेक्स्टप्रमाणे वाढू द्या, लाइन हाइट पण एसपीत द्या, फुटायचं बंद होतं. मराठीला तर हे आणखी लागतं, कारण 'पूर्ण' लिहिलं की वर रफार आणि खाली दीर्घ ऊकार, इंग्रजी मॉकअपवरून काढलेल्या उंचीत दोन्हीकडून कापलं जातं, आणि ते नेहमीच्या फाँट साइझलाही होतं. शिवाय अँड्रॉइड 14 पासून, म्हणजे 2023 पासून, फाँट 200 टक्क्यांपर्यंत वाढवता येतो पण वाढ सरसकट नसते. बारीक अक्षर जास्त वाढतं, आधीच मोठं असलेलं हेडिंग कमी वाढतं. म्हणजे हेडिंग स्क्रीनबाहेर जातं ही जी ओरड आहे ती गूगलनं बऱ्यापैकी मिटवली आहे. लेख लिहिताना मी हे धरूनच लिहिलं होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं असतं तर.

आयफोनबद्दल मी एकाच वाक्यात उरकलं होतं, ते मान्य, घ्या. 1125 रुंदीचा मॉकअप असेल तर तीनने भागून 375 पॉइंट (आयफोनचं डीपीसारखं माप), 750 चा असेल तर दोनने, आणि तिथं अक्षर वाढवायचं काम डायनॅमिक टाइप ही आयफोनची सोय करते. झालं?

बाकीच्या मुद्द्यांवर जास्त वेळ घालवत नाही. 1080 चे काही फोन 420 डीपीआयचे (इंचाला 420 पिक्सेल) असतात, तिथं गुणक, म्हणजे एका डीपीला किती पिक्सेल ते, 2.625 येतो, हे मला माहीत आहे. पण आपण भागतो ते मॉकअपला, फोनला नाही! डिझायनरनं 360 डीपीचा स्क्रीन तीनपट करून काढलाय म्हणून तीन, पुढं कुठल्या फोनवर किती पिक्सेल करायचे ते फोन बघून घेतो. एवढं कळलं असतं तर तो मुद्दा लिहिलाच नसता.

आणि फिग्मा. फिग्मात 360 वर काम होत असेल तर उत्तमच, तिथले 16 म्हणजे 16 एसपीच. पण मी स्वतः गणपती पेठेत फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं डिझाइन करत या धंद्यात आलोय, आणि आमच्याकडं अजून निम्मे मॉकअप फोटोशॉपमधून येतात, तेही छपाईच्या सवयीनं 300 रिझोल्यूशनवर, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल. त्यात फाँट 12 पॉइंट लिहिलेला असतो आणि पोरं तसाच 12 एसपी टाकतात. 72 रिझोल्यूशनला एक पॉइंट म्हणजे एक पिक्सेल, पण 300 ला तोच 12 पॉइंट 50 पिक्सेल होतो, तीनने भागला की 16.67, म्हणजे 16 किंवा 17 एसपी. माझा जुनाट भागाकार या पोरांसाठी होता, तुमच्यासाठी नव्हताच, तुम्ही उगाच अंगावर ओढवून घेतलात.

परत कमेंट टाकाल तेव्हा तुमचं एखादं ॲप फाँट सगळ्यात मोठा करून उघडा आणि त्याचा स्क्रीनशॉट लावा सोबत. टोपणनाव असू दे, चालेल. हसणारी तोंडं नकोत.